ऑइल प्रेशरचा काटा खाली पडला तर: सेन्सर गेला की इंजिन, हे घरच्या घरी कसं पाहायचं

राजेहो, आमच्या घरी एक जुनी डिझेल जीप आहे. वावरात जायला, मजूर आणायला, कापूस जिनिंगला न्यायला तीच. दिवाळीनंतर वेचणी जोरात होती, पहाटे कापूस भरून निघालो, पांधण रस्ता संपून डांबरी लागला आणि ऑइल प्रेशरचा काटा जो नेहमी मधात उभा असतो तो दोनदा थरथरला आणि सरळ शून्यावर जाऊन बसला. बाजूला काका होते, ते ओरडलेच, "बंद कर, आधी बंद कर, बाकी मंग पाहू." गाडी कडेला घेतली, बंद केली, बोनट उघडलं. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काठी, पाहिली तर ऑइल बरोबर वरच्या खुणेला. खाली थेंब नाही. तालुक्याच्या मिस्त्रीला फोन केला तर तो म्हणे ऑइलचा पंप गेला, चेंबर (इंजिनच्या बुडाचं ऑइलचं भांडं) उतरवावं लागते, चार दिवस गाडी सोडा. भर वेचणीत चार दिवस! काका म्हणाले, मोजल्याशिवाय एक बोल्ट खोलू द्यायचा नाही. आणि शेवटी निघालं काय, तर बोटाएवढा सेन्सर.

आता हे ऐकून कोणी म्हणेल की काटा पडला म्हणजे सेन्सरच असतो. तसं अजिबात नाही. माझ्या मावसभावाच्या गाडीचा काटा असाच पडला होता, त्यानं सेन्सर बदलला, काटा तरी खालीच, मग दुसरा सेन्सर आणला, तोवर गाडी चालवतच राहिला, आणि सोयाबीनच्या हंगामात रस्त्यावर क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याचं, बेअरिंग जाम झालं. क्रँक ग्राइंडिंगला द्यावा लागला. म्हणून मी हे सगळं लिहून राहिलो. काटा खरं बोलते का खोटं, हे अंदाजानं ठरवायचं नाही, दुसऱ्या मीटरनं मोजून ठरवायचं. मोजायला जे सामान लागते ते गावात आणि तालुक्याला मिळते, आणि अर्ध्या दिवसाचं काम आहे.

चालत्या गाडीत काटा पडला किंवा लाल बत्ती लागली तर सगळ्यात आधी इंजिन बंद. पुढच्या फाट्यापर्यंत जाऊन पाहतो, हे नको. ऑइलचा दाब खरंच गेला असेल तर क्रँक आणि बेअरिंग यांच्या मधात ऑइलचा जो पातळ थर असतो तोच निघून जातो, लोखंड लोखंडाला घासते, आणि दोन-चार मिनिटांत इंजिन जाते. बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरते, गाडी सपाट जागेवर असली पाहिजे, मग डिपस्टिक पुसून परत घालून पाहा. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर उत्तर तिथंच मिळालं, ऑइल टाका आणि ते गेलं कुठं ते शोधा. ऑइलचा रंगही पाहा. दुधाच्या चहासारखा दिसला तर पाणी मिसळलं. काठीवर ऑइल वरची खूण ओलांडून गेलं आणि त्याला डिझेलचा वास येत असेल तर डिझेल चेंबरमध्ये उतरून राहिलं आणि ऑइल पातळ झालं, तेव्हा काटा बिचारा खरंच सांगून राहिला.

मग कान द्या. ऑइल ठीक दिसत असेल तर इंजिन पाच-सात सेकंदच चालू करून ऐका. टॅपेटचा कटकट आवाज वाढला, किंवा खालून जड खट्‌ खट्‌ येत असेल तर लगेच बंद, आणि मेकॅनिकल गेज, म्हणजे विजेशिवाय दाब थेट मोजणारं मीटर, लावल्याशिवाय इंजिन पुन्हा चालू करू नका, ते खाली सांगतो. आवाज रोजच्यासारखाच असेल तर सेन्सर, वायर नाहीतर काटाच खराब असायची शक्यता वाढते. शक्यता म्हणतो, खात्री नाही. कापसाच्या गाठी वाहणाऱ्या गाडीचं इंजिन दाब कमी झाल्यावरही काही वेळ नेहमीसारखंच वाजते.

हा काटा चालतो कसा

हे समजलं की अर्धं काम झालं. जुन्या गाड्यांत तीन पद्धती दिसतात. एक एकदम जुनी, विलीसच्या जमान्यातल्या जीपांना असायची, इंजिनपासून बारीक पाइप थेट डॅशबोर्डच्या घड्याळापर्यंत (काट्याच्या मीटरला आम्ही घड्याळ म्हणतो) येतो आणि त्यात ऑइलच असते. वायर नाही, सेन्सर नाही. तिचा काटा पडला तर पाइप चेपला, चोंदला किंवा गळाला का तेवढं पाहायचं. दुसरी फक्त लाल बत्ती. तिथं इंजिनवर एक स्विच असतो, दाब नसताना तो आतून अर्थ देतो, म्हणजे वायर इंजिनच्या लोखंडाला जोडतो, आणि बत्ती लागते, दाब साधारण ५ ते ७ पीएसआयच्या (टायरची हवा मोजतात तेच माप) वर गेला की अर्थ तुटतो आणि बत्ती विझते. म्हणजे बत्ती विझली याचा अर्थ दाब भरपूर आहे असा नाही, फक्त पाच-सातच्या वर आहे एवढाच. बत्तीवाल्या गाडीच्या मालकांनी हे ध्यानात ठेवा.

तिसरी आमच्यासारखी, काटा आणि सेन्सर. सेन्सरच्या आत एक पातळ पडदा असतो, खालून ऑइल त्याला ढकलते, पडदा एका छोट्या पट्टीला ढकलतो आणि ती पट्टी बारीक तार गुंडाळलेल्या रेझिस्टन्सवर (करंटला होणारा अडथळा, तो ओममध्ये मोजतात) सरकते. चावी दिली की करंट काट्यातून वायरनं सेन्सरमध्ये येते आणि सेन्सरच्या आट्यांतून इंजिनच्या लोखंडात, म्हणजे अर्थला जाते. रेझिस्टन्स बदलला की काटा हलते. बस, एवढंच आहे. त्यामुळे खराबी चारच ठिकाणी असू शकते: काटा, वायर, सेन्सर, अर्थ. आणि पाचवी, खरा दाब.

सेन्सरचेही दोन प्रकार जास्त दिसतात. युरोपच्या पद्धतीचा शून्य दाबाला १० ओमच्या आसपास आणि पूर्ण दाबाला १८० ओम दाखवते. अमेरिकन पद्धतीचा बरोबर उलटा, शून्याला २४० आणि पूर्ण दाबाला ३३. आपला कोणता हे माहीत नसेल तर घाबरू नका, इंजिन बंद असताना वायर काढून मल्टिमीटरनं मोजलं की कळतेच. दोनशेच्या वर आला तर अमेरिकन, दहा-पंधरा आला तर युरोपवाला. पण मल्टिमीटर २०० ओमवर ठेवला तर २४० मावत नाही, फक्त डावीकडे १ दिसते आणि माणूस म्हणते सेन्सर तुटला. तेव्हा २००० वर फिरवून पुन्हा पाहा.

सामान

मल्टिमीटर, साधा चालते, पण त्याची बॅटरी ताजी असू द्या. हातभर वायर, दोन्ही टोकांना क्लिप लावलेली. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून १०० ओमचा एक रेझिस्टर, २ ते ५ वॅटचा, पाव वॅटचा बारीक घेऊ नका, तो गरम होऊन जळते. पॉलिश पेपर, डिझेल, ब्रश, चिंधी, पाने. आणि एक मेकॅनिकल प्रेशर गेज, ० ते १०० पीएसआयचं, पाइपासकट. हे ऑटो पार्टच्या दुकानात मिळते, नाहीतर एखाद्या ट्रॅक्टर मिस्त्रीकडून एका दिवसासाठी मागून आणा, बऱ्याच जणांकडे असते. त्याच्यासोबत आपल्या गाडीच्या आट्यांचं ॲडॉप्टर लागते.

आधी डोळ्यांनी

सेन्सर बहुतेक गाड्यांत ऑइल फिल्टरच्या जवळ किंवा ब्लॉकच्या बाजूला असतो, एक किंवा दोन वायर लागलेला. आपल्या काळ्या मातीची धूळ आणि ऑइल मिळून त्यावर असा थर बसतो की सेन्सर आहे हेच दिसत नाही. डिझेल आणि ब्रशनं स्वच्छ करा, चिंधीनं पुसा, मग पाहा. टर्मिनलच्या बुडातून, जिथं लोखंड आणि बेकेलाइट जुळते तिथून, ऑइल पाझरून राहिलं असेल तर आतला पडदा फाटला. तो सेन्सर गेला, त्याच्या आणखी टेस्टची गरज नाही, खरा दाब मात्र शेवटी गेजनं मोजायचाच. वायरच्या आतून ऑइल चढून थिंबलपर्यंत (वायरच्या टोकाची धातूची क्लिप) आलं असेल तरी हेच.

वायर हातानं चाचपत डॅशबोर्डकडे न्या. आमच्या इकडे गाडी गोठ्याशेजारी उभी राहते, ढेपेच्या वासानं उंदीर येतात आणि वायरिंग कुरतडतात. वरून टेप शाबूत आणि आत तांबं उघडं, असं मी दोनदा पाहिलं आहे. एक्झॉस्टच्या पाइपाला वायर टेकून प्लास्टिक वितळलं का तेही पाहा. थिंबल हिरवं पडलं असेल तर पॉलिश पेपरनं चकचकीत करा.

टाकीचा काटा आणि पाण्याचा काटा पण सोबत वेडेवाकडे चालून राहिले का? तसं असेल तर ऑइलच्या सेन्सरच्या मागं लागू नका. कित्येक जुन्या गाड्यांत डॅशबोर्डमागं एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, एकाहून जास्त काटे त्याच्यावर चालतात, तो गेला किंवा मीटरचा अर्थ सुटला की सगळेच खोटं दाखवतात. फ्यूज आधी पाहा, मग मीटरमागचा अर्थ.

वायर काढून, वायर अर्थ करून

आता खरी टेस्ट. इंजिन बंद, चावी ऑन. एकजण स्टिअरिंगवर काट्याकडे पाहत, एकजण बोनटमध्ये. सेन्सरची वायर काढा आणि हवेत धरा, कशालाही टेकू देऊ नका. युरोपवाल्या पद्धतीत काटा पूर्ण वर जाते, अमेरिकनमध्ये एकदम खाली पडते. मग तीच वायर इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला क्षणभर लावा. काटा उलट्या टोकाला गेला पाहिजे. क्षणभर म्हणजे खरंच एक-दोन सेकंद, काटा हलला की काढा. जुन्या घड्याळांची कॉइल नाजूक असते, धरून ठेवली तर जळू शकते.

दोन्हीकडे काटा फिरला तर काटा आणि वायर साधारण ठीक. पण इथंच थांबू नका, मी थांबलो असतो तर अर्धंच कळलं असतं. आता वायर आणि इंजिन यांच्या मधात तो १०० ओमचा रेझिस्टर लावा. मजा ही आहे की दोन्ही पद्धतींत १०० ओमला काटा साधारण घड्याळाच्या मधात येते. आला मधात, म्हणजे घड्याळ खरं मोजून राहिलं. टोकांना बरोबर पण मधात चुकीचा असेल तर घड्याळच बिघडलं, आणि सेन्सर कितीही बदलला तरी आकडा खोटाच येणार.

काटा कुठंच हलला नाही तर सेन्सरला दोष देऊ नका. मीटरच्या मागं जा, चावी ऑन असताना घड्याळाला १२ व्होल्ट येते का पाहा, स्टॅबिलायझरवाल्या गाडीत १० च्या आसपास आणि तेही कमीजास्त होताना दिसेल, ते चालते. करंट येत असेल तर घड्याळाच्या सेन्सरकडच्या टर्मिनलला तिथंच अर्थ द्या. तिथं हलला आणि इंजिनकडून हलला नाही, म्हणजे मधातली वायर तुटली. तिथंही नाही हलला तर घड्याळ गेलं. वायर काढल्यावरही काटा अर्थ दिल्यासारखाच एका टोकाला चिकटून असेल तर वायर रस्त्यात कुठंतरी बॉडीला टेकून राहिली.

बत्तीवाल्यांसाठी हेच थोडं वेगळं. चावी ऑन, इंजिन बंद, बत्ती लागलीच पाहिजे. लागली नाही तर वायर काढून अर्थ द्या, आता लागली तर स्विच खराब, नाही लागली तर बल्ब किंवा वायर. हे लोक टाळतात, बत्ती लागत नाही म्हणजे बरंच आहे म्हणतात, आणि ज्या दिवशी ऑइल संपते त्या दिवशी सांगायला कोणी राहत नाही. इंजिन चालू असताना बत्ती विझत नसेल आणि वायर काढल्यावर विझली, तर स्विच खराब नाहीतर दाब खरंच कमी. वायर काढूनही जळतच राहिली तर वायर अर्थ झाली.

अर्थ, जो सगळे विसरतात

सेन्सरला वेगळी अर्थची वायर नसते, तो इंजिनच्या लोखंडातूनच अर्थ घेतो. इंजिन रबरच्या माउंटिंगवर बसलेलं, त्याला चेसिसशी जोडणारी एक चपटी पट्टी असते, पावसाळ्याच्या चिखलानं ती सडते. रात्री हेडलाइट लावली आणि ऑइलचा काटा सरकला, तर ही पट्टी आधी पाहा. मल्टिमीटरनं सेन्सरच्या पत्र्यापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ओम मोजा, चावी बंद ठेवून. एक ओमच्या आत आला पाहिजे. जास्त आला तर बॅटरीच्या मायनसपासून इंजिन ब्लॉकपर्यंत एक जाड वायर तात्पुरती लावून पाहा, काटा जागेवर आला तर खर्च एका पट्टीचा.

दुसरं, टेफ्लॉन टेप. प्लंबरसारखी भरपूर गुंडाळून सेन्सर बसवला की आटे लोखंडाला नीट लागत नाहीत, अर्थ मिळत नाही आणि नवा कोरा सेन्सरही काम करत नाही. टेपचा तुकडा आत ऑइलच्या वाटेत गेला तर आणखी वाईट. आटे तिरपे, म्हणजे टोकाकडे निमुळते, असतील तर पहिले दोन आटे सोडून एकच फेरा, सरळ असतील तर तांब्याचं वायसर, टेप नको.

सेन्सरला चालत्या इंजिनवर मोजणं

वायर काढलेली, मल्टिमीटरची एक काडी टर्मिनलवर, दुसरी ब्लॉकवर. इंजिन बंद असताना आकडा लिहा. मग चालू करा आणि आकडा पाहत राहा. पंख्यापासून हात, गमछा, वायर सगळं दूर. चांगल्या सेन्सरचा आकडा चालू केल्याबरोबर सरकायला लागते आणि एक्सलेटर दिला की आणखी सरकते, सरळ, धक्के न देता. आमचा सेन्सर बंद असताना ११ ओम, चालू केला तरी ११, रेस केला तरी ११, आणि पान्यानं हलकेच टिचकी मारली की ६० वर उडी मारून परत ११. अशा उड्या दाब मारत नाही. ऑइलचा दाब हळू चढते, हळू उतरते. काटा फडफडून राहिला असेल तर ती बहुतेक वेळा विजेची खोड असते. हो, वळणावर किंवा चढावर दरवेळी काटा पडत असेल तर ते वेगळं, तिथं ऑइल कमी असल्यानं पंपाची जाळी उघडी पडते आणि हवा ओढते.

सेन्सर काढून आमच्या फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडेही नेला. जाड रबरी नळी सेन्सरच्या आट्यांवर चढवून क्लिप आवळली आणि कॉम्प्रेसरची हवा हळूहळू सोडली, ३० पीएसआयपर्यंतच. ३० म्हणजे साधारण २ बार, आणि ५ बारपर्यंत मोजणाऱ्या युरोपवाल्या सेन्सरला तिथं ८० ओमच्या जवळ यायला पाहिजे. आमचा ११ वरच. नंतर घरी येऊन तो सेन्सर हेक्सॉनं कापला. आत नखाएवढ्या पट्टीवर केसासारखी तार गुंडाळलेली, तिच्या मधोमध चमकदार ओरखडा पडलेला, रोज दाब जिथं राहायचा तिथंच घासून घासून, आणि सरकणारी पट्टी वाकून खालच्या टोकाला अडकलेली. मुलाला दाखवलं, त्यानं ते अजून कंपासपेटीत ठेवलं आहे.

मेकॅनिकल गेज, इथं निकाल लागतो

वरचं सगळं जमलं तरी ही पायरी सोडू नका. सेन्सर खराब निघाला म्हणजे दाब चांगला असंही नाही, दोन्ही सोबत असू शकतात.

इंजिन थंड, बॅटरीचा मायनस काढलेला. सेन्सरच्या भोवती पुन्हा पुसा, माती आत जाऊ देऊ नका. पाना षटकोनी भागावरच लावायचा, वरच्या पत्र्याच्या डब्यावर पाइप पाना लावून पिळला तर डबा हातात आणि आटे ब्लॉकमध्ये, मग खरी पंचाईत. निघाला की भोक पाहा. जुन्या ऑइलचा गाळ त्यात बसून वाट बंद होते आणि काटा शून्य दाखवते, सेन्सर बिचारा चांगला असतो. भोकाखाली जुना डबा धरा, बॅटरी जोडा, डिझेल गाडी असेल तर स्टॉप ओढून धरा म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि दोन सेकंद सेल्फ मारा. ऑइल बाहेर आलं पाहिजे. नाही आलं तर आणखी एकदोनदा मारा, तरी नाही तर इंजिन चालू करू नका, मिस्त्री बोलवा.

ऑइल आलं की मायनस परत काढून गेज बसवा. आटे हातानंच तीन-चार फेरे गेले पाहिजेत. एक अष्टमांश इंची तिरपे आटे आणि १० मिलीमीटरचे आटे हातात जवळपास सारखेच दिसतात, जबरदस्तीनं पिळले तर ब्लॉकचे आटे जातात. पाइप एक्झॉस्टपासून आणि पंख्यापासून दूर बांधा. बॅटरी जोडा, चालू करा, आधी गळती पाहा, मग आकडा.

आकडे तीन लिहायचे. थंड इंजिन, आयडलवर, म्हणजे एक्सलेटर न देता. मग गाडी वीस मिनिटं चालवून किंवा पाण्याचा काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत गरम करून, आयडलवर. आणि गरम असतानाच, साधारण २००० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे). गाडीच्या पुस्तकात आकडा दिला असेल तर तोच खरा. पुस्तक नसेल तर जुना ठोकताळा असा की दर हजार आरपीएमला निदान १० पीएसआय. गरम आयडलला १० ते २० असेल तर जुन्या इंजिनला चालते. घड्याळ किलोत असेल तर १ किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय धरा. आमच्या जीपचे आकडे आले थंड ५५, गरम १८, रेसवर ४२. काका तिथंच म्हणाले, "पंप तं ठणठणीत आहे ना बाप्पा, चेंबर कायले खोलता!"

उन्हाचं एक सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जाते, ऑइल पातळ होते, आणि जानेवारीत सकाळी जो दाब दिसला तो मेच्या दुपारी दिसत नाही. थोडा फरक पडणारच. पण गरम आयडलला ७-८ च्या खाली जात असेल, किंवा रेस करूनही वीसच्या वर चढत नसेल तर गाडी उभी करा.

तेव्हा मोठ्या कामाच्या आधी छोटी कामं. ऑइल कोणत्या नंबरचं आहे, किती दिवसांचं आहे, गाडीला २०डब्ल्यू-४० लागत असताना कोणी पातळ टाकलं का. ऑइल आणि फिल्टर बदलून परत मोजा. मग रिलीफ वाल, म्हणजे जास्तीचा दाब सोडणारा वाल, त्याची स्प्रिंग थकली किंवा वाल उघडा अडकला तर सगळं ऑइल मागं जाते, पुष्कळ इंजिनांत हा बाहेरून काढून धुता येते. मग चेंबर उतरवून पंपाची जाळी, आणि उतरवलंच आहे तर बेअरिंगही पाहून घ्या. मावसभावाच्या गाडीत बेअरिंग झिजून तांबडी पडली होती, पहिला सेन्सर बदलला त्या दिवशी हे गेज लावलं असतं तर क्रँक वाचला असता.

नवा सेन्सर

जुना सोबत घेऊनच दुकानात जा. आटे, ओमचा प्रकार, आणि रेंज, तिन्ही जुळलं पाहिजे. ५ बारच्या घड्याळाला १० बारचा सेन्सर लावला तर तो नवा असूनही अर्धाच दाब दाखवते आणि माणूस उगाच घाबरते. काहींना दोन टर्मिनल असतात, त्यावर 'जी' कोरलेलं ते काट्याचं आणि 'डब्ल्यूके' ते बत्तीचं, वायर उलट लावू नका. दुकानातच काउंटरवर मल्टिमीटर लावून शून्याचा आकडा पाहून घ्या, दुकानदार काही म्हणत नाही.

बसवताना हातानं आटे, मग पान्यानं बेताचं आवळणं. वायर लावा, चावी ऑन करून काटा शून्यावर आहे का पाहा, मग चालू करा आणि मेकॅनिकल गेजनं लिहिलेल्या तीन आकड्यांशी काटा ताडून पाहा. चार-पाच पीएसआयचा फरक चालते. आकडे तारखेसकट सनवायझरच्या मागं चिकटवून ठेवा, पुढच्या वर्षी कामी येतात. आणि पन्नासेक किलोमीटर झाल्यावर बोनट उघडून सेन्सरच्या बुडाला बोट फिरवा, ओलं लागलं तर पाव फेरी आणखी आवळा.